कॅम्परमधून यलोस्टोन: सॉल्ट लेक सिटीहून निघून परत, दिवसागणिक

कॅम्पर म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची आणि बाथरूमची सोय असलेली गाडी. तिच्या सहलीचं वेळापत्रक मैलांवर बेतलं की फसतं. ते बेतायचं चार गोष्टींवर: टाकीतलं चांगलं पाणी, साठत जाणारं सांडपाणी, बॅटरी, आणि दुपारी चारच्या आत मुक्कामी पोचणं. युटातल्या सॉल्ट लेक सिटीहून निघून ग्रँड टीटॉन आणि यलोस्टोन ही दोन राष्ट्रीय उद्यानं करून परत, असा हा मार्ग आहे. आई-बाबा, दोन मुलं आणि पुण्या-नाशिकहून आलेली एखादी आजी, अशा पाच माणसांच्या घराला जमेल असा. एकूण साधारण १,००० मैल, म्हणजे १,६०० किलोमीटर. हंगाम जूनअखेर ते ऑगस्टअखेर. त्याआधी यलोस्टोन सरोवराच्या बाजूला बर्फ असू शकतो.

जागांचं आरक्षण गाडीच्या आधी करा. ग्रँड टीटॉनचे कॅम्पग्राउंड सहा महिने आधी खुले होतात, यलोस्टोनमधले मोठे त्याहूनही आधी. अर्जात गाडीची लांबी विचारतात, तिथे बंपर ते बंपर पूर्ण लांबी लिहायची. पाच जणांना २५ ते २८ फुटांची क्लास सी पुरते. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेला तो प्रकार, बहुधा फोर्ड ई-४५० च्या सांगाड्यावर बांधलेला. अमेरिकेत तो साध्या कार लायसन्सवर चालवता येतो. ३२ फुटी घेण्याचा मोह आवरा. जास्तीच्या चार फुटांनी आत फारसा फरक पडत नाही, बाहेर पार्किंगमध्ये मात्र पडतो.

१ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या १६ वर्षांवरील पाहुण्यांना यलोस्टोन आणि ग्रँड टीटॉनसह ११ राष्ट्रीय उद्यानांत माणशी १०० डॉलर जादा आकार आहे. त्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा, इथल्या रहिवाशांचा ८०. भारतातून पाहुणे येणार असतील तर हा खर्च आधीच धरा आणि ओळखपत्रं हाताशी ठेवा.

पहिला दिवस: सॉल्ट लेक सिटी ते विलर्ड बे, ५५ मैल

गाडी बहुधा दुपारी ताब्यात मिळते. ती घेताना दीड तास मोडतो आणि तो मोडू द्यावा. चारही कोपरे, छताच्या कडा आणि समोरच्या काचेचे फोटो काढा. भाड्याच्या विम्यात छताचं आणि गाडीखालचं नुकसान बहुधा धरत नाहीत. गाडीची उंची, साधारण ११ ते १२ फूट, कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. पेट्रोल पंपाचं छप्पर आणि झाडाची आडवी फांदी या दोन ठिकाणी गाड्या घासतात.

मग प्रत्येक वस्तू चालवून बघा: फ्रिज, शेगडी, हीटर, पाण्याचा पंप, जनरेटर, एसी आणि स्लाइडआउट, म्हणजे भिंतीचा बाहेर सरकणारा भाग. स्लाइडआउटच्या वाटेत खुर्ची किंवा बूट राहिला तर मोटर जळते किंवा लाकूड फाटतं, म्हणून एक माणूस आत आणि एक बाहेर उभा राहून तो चालवायचा. पाणी गरम करणारी टाकी पाण्याने भरल्याशिवाय तिचं विजेचं बटण दाबू नका. आतलं एलिमेंट, म्हणजे तापणारी तार, कोरडं असेल तर काही सेकंदांत जातं. गरम पाण्याचा नळ उघडून धार सलग आली की टाकी भरली असं समजायचं.

मुलांच्या सीटचा प्रश्न इथेच सोडवायचा. कार सीट फक्त पुढे तोंड असलेल्या बाकावर, पट्टा आणि सीट वरून ओढून बांधायचा टेदर हुक असेल तिथेच बसते. आडव्या सोफ्यावर ती बसवता येत नाही. युटात आठ वर्षांखालच्या मुलांना कार सीट किंवा बूस्टर लागतो. गाडी चालू असताना वरच्या पलंगावर कुणीही झोपायचं नाही, मुलांनी कितीही हट्ट केला तरी.

किराणा सॉल्ट लेकमध्येच भरा, पुढे तूरडाळ आणि पोहे मिळणार नाहीत. कॅम्परचा फ्रिज घरच्यापेक्षा बराच लहान असतो आणि थंड व्हायला सहा-आठ तास घेतो. म्हणून दूध, दही आणि भाज्या दुकानातून गार असतानाच आत जायला हव्यात. तीन लिटरचा कुकर घ्या. पाच लिटरचा ठेवला की शेजारच्या बर्नरवर काही मावत नाही. भाकरीचा नाद सोडा. तयार पोळ्या किंवा गव्हाचे टॉर्टिया चालतील. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, तूप आणि लोणचं घरून आलं की निम्मा स्वयंपाक झाला.

पहिला मुक्काम जवळच असावा. आय-१५ महामार्गावरून उत्तरेला तासाभरावर विलर्ड बे स्टेट पार्क आहे. ग्रेट सॉल्ट लेकच्या कडेला बांध घालून केलेला हा गोड्या पाण्याचा जलाशय. वीज-पाण्याच्या जोडण्या असलेली जागा इथे घ्या, कारण सगळं काही जोडून बघायची ही तालीम आहे. काही राहिलं असेल तर दुकानं अर्ध्या तासावर आहेत.

जोडणीचा क्रम पक्का करा. आधी गाडी समपातळीत आणा: खालच्या चाकांखाली प्लास्टिकचे ठोकळे, मोबाइलवर लेव्हल. जुन्या पद्धतीचा प्रोपेनवर चालणारा फ्रिज तिरक्या गाडीत नीट चालत नाही आणि फार वेळ तिरका चालला तर कायमचा बिघडतो. १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसरवाल्या नव्या फ्रिजला ही अडचण नाही. मग खांबावरचा ब्रेकर बंद करून ३० अँपिअरचा प्लग लावायचा आणि ब्रेकर चालू करायचा. मग नळाला प्रेशर रेग्युलेटर, त्याला पिण्याच्या पाण्याचा पांढरा होज. रेग्युलेटर विसरलात तर ८०-१०० पीएसआयच्या दाबाने आतला प्लास्टिकचा सांधा सुटतो आणि सिंकखालचं कपाट भिजतं. शेवटी सांडपाण्याचा होज.

३० अँपिअर म्हणजे ३,६०० वॉट. एसी १,५००, मायक्रोवेव्ह १,५००, पाण्याचा हीटर १,४००. तिन्ही एकदम लावले की ब्रेकर पडतो. यांतली एका वेळी दोनच चालवायची.

दुसरा दिवस: विलर्ड ते बेअर लेक, ७५ मैल

ब्रिघम सिटीवरून यूएस-८९ ने लोगन, आणि पुढे लोगन कॅन्यन. चढ आणि वळणं दोन्ही आहेत, घाई नाही. गाडीची सवय होण्यासाठी हा रस्ता उत्तम. मागच्या चाकांच्या मागे आठ-दहा फूट धड लोंबत असतं. उजवीकडे वळलात की शेपटी डावीकडे जाते. पंपाचा खांब किंवा शेजारची गाडी जवळ असेल तर आधी थोडं सरळ पुढे जाऊन मग वळायचं. उतरणीला ‘टो-हॉल’ बटण दाबा, गिअर आपोआप खाली येतो आणि इंजिन गाडी धरून ठेवतं. सतत ब्रेक दाबून उतरलात तर ते तापतात आणि पेडल मऊ पडतं.

घाटमाथ्यावरून बेअर लेक दिसतो. पाण्यात तरंगणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटच्या कणांमुळे त्याचा रंग असा निळा-हिरवा. गार्डन सिटीत रास्पबेरी शेक मिळतो. दुपार पाण्यात घालवा, काठ लांबवर उथळ आहे आणि मुलांना सोयीचा आहे. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा.

तिसरा दिवस: बेअर लेक ते ग्रो व्हाँत्र कॅम्पग्राउंड, दीडशे मैलांच्या आसपास

साडेआठला निघायला हवं. आवराआवरीला पाऊण तास धरा. जोडणीच्या उलट क्रमाने सगळं सोडवायचं, छतावरची झाकणं बंद, पायरी आत, कपाटं कुलूपबंद, फ्रिजची कडी लावलेली. मग एकाने गाडीभोवती पूर्ण फेरी मारायची. ही फेरी रोज, न चुकता. लटकता होज आणि उघडी राहिलेली पायरी तिच्यातच सापडते.

रस्ता माँटपेलिअरवरून वायोमिंगमध्ये शिरतो, सॉल्ट रिव्हर पास ही खिंड ओलांडून स्टार व्हॅलीत उतरतो. ॲफ्टन गावाच्या मुख्य रस्त्यावर एल्क या मोठ्या हरणांच्या शिंगांची भली मोठी कमान आहे. एल्क दरवर्षी शिंगं टाकतात, त्यामुळे त्यासाठी कुणाला मारावं लागलेलं नाही हे मुलांना सांगायला बरं. दरीत दुपारी आडवा वारा सुटतो. क्लास सीचं अंग उभं आणि रुंद, त्यामुळे ताशी ५५ मैलांवर राहा. अल्पाइनपासून स्नेक नदीच्या काठाने जॅक्सनपर्यंत. मागे रांग लागली की पुलआउटमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या थांब्यात, थांबून गाड्या जाऊ द्या.

उशीर झाला म्हणून आय-१५ ने आयडाहो फॉल्सकडून येणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. जीपीएस सर्वांत जवळचा म्हणून टीटॉन पास दाखवेल. त्यावर १० टक्क्यांचा उतार आहे. २०२४ च्या जूनमध्ये तर तिथला रस्त्याचा एक तुकडाच कोसळला होता आणि जवळपास तीन आठवडे वाट बंद होती. कॅम्परने स्वान व्हॅलीमार्गे यूएस-२६ धरून अल्पाइनला यावं. थोडं लांब पडतं, पण ब्रेक वाचतात.

जॅक्सनमध्ये पेट्रोलची टाकी भरा. पंपावर शिरण्याआधी फ्रिज, हीटर, वॉटर हीटर ही प्रोपेनवरची सगळी उपकरणं बंद करायची, कारण त्यांच्यात ज्योत पेटते. गाडी गॅलनला आठ ते नऊ मैल देते. पूर्ण सहलीला ११० ते १२५ गॅलन, म्हणजे सव्वाचारशे ते पावणेपाचशे लिटर पेट्रोल धरा.

ग्रो व्हाँत्रला विजेची जोडणी असलेल्या काही जागा आहेत, त्यातली धरा. पाण्याची आणि सांडपाण्याची जोडणी जागेवर नाही, डम्प स्टेशन, म्हणजे सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा, आहे. नदीकाठच्या कॉटनवूडच्या झाडीत मूस, म्हणजे घोड्याएवढी मोठी हरणं, फिरतात. ते शांत दिसतात, पण पिल्लू बरोबर असलेली मादी अंगावर येते.

चौथा दिवस: ग्रँड टीटॉन

आज मुक्काम तोच, पण गाडीसुद्धा हीच. म्हणून फिरायला जाताना प्लग काढून घर घेऊन जावं लागतं. क्लास सीचा हाच खरा तोटा. जागेवर खुर्ची-टेबल ठेवून जा म्हणजे जागा रिकामी वाटत नाही. अन्न, भांडी किंवा कूलर मात्र ठेवायचा नाही.

जेनी लेकला सकाळी आठच्या आत पोचा, लांब गाड्यांच्या जागा मोजक्या आहेत. होडीने पलीकडे गेलं की हिडन फॉल्स अर्ध्या मैलावर आहे, आजीलाही सावकाश जमतो. त्यापुढचा इन्स्पिरेशन पॉइंट खडकाळ चढाचा, तिथे आई किंवा बाबांपैकी एकाने मुलांना न्यावं. ४,१९९ मीटर उंचीचं ग्रँड टीटॉन शिखर दरीतून सरळ उभं राहतं, पायथ्याच्या टेकड्या मध्ये येत नाहीत. हे दृश्य बघायला चालावंच लागतं असं नाही, रस्त्याकडेच्या थांब्यांवरूनही ते पूर्ण दिसतं.

मूस-विल्सन रोड आणि सिग्नल माउंटन रोड या दोन्ही वाटांवर कॅम्परला बंदी आहे. जीपीएसला हे कळत नाही. श्वाबाकर लँडिंगचा कच्चा रस्ताही सोडा, कारण भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायला बहुधा मनाईच असते.

परतताना डम्प स्टेशनला जायचं. पद्धत अशी. हातमोजे घालायचे. जाड होज गाडीच्या तोंडाला फिरवून पक्का बसवायचा, दुसरं टोक जमिनीतल्या भोकात घालून वर दगड किंवा पाय ठेवायचा. आधी मैल्याच्या टाकीचा तीन इंची व्हॉल्व्ह उघडायचा. आवाज थांबेपर्यंत थांबून तो बंद करायचा. मग आंघोळ-भांड्यांच्या पाण्याचा व्हॉल्व्ह. साबणाच्या पाण्याने होज धुऊन निघतो, म्हणून हा क्रम उलटा करायचा नाही. होज तिथल्या नळाने खळखळून धुवा. तो नळ पिण्याच्या पाण्याचा नसतो आणि पांढरा होज त्याला कधीच लावायचा नाही. शेवटी टॉयलेटमध्ये चार-पाच लिटर पाणी आणि रसायनाची एक पुडी.

मैल्याची टाकी तुंबते ती कमी पाण्यामुळे. पाणी वाचवायचं म्हणून लोक फ्लश आखडता घेतात, मग भोकाखाली कागद आणि मैल्याचा ढीग साठतो आणि व्हॉल्व्ह उघडूनही हलत नाही. पूर्ण जोडणीच्या जागी व्हॉल्व्ह उघडा ठेवला तरी हेच होतं, पाणी निघून जातं आणि घट्ट ते मागे राहतं. म्हणून तो व्हॉल्व्ह नेहमी बंद, टाकी दोन-तृतीयांश भरली की उघडायचा. आपली पाणी वापरायची सवय इथे कामाला येते. टॉयलेटमध्ये पाण्याचा मग (टमरेल) ठेवा, टाकी जरा लवकर भरेल एवढंच. भिंतीवरचे दिवे टाकी भरल्याचं खोटं सांगतात, कारण सेन्सरला कागद चिकटतो. घरात एकाने हिशेब ठेवणं जास्त भरवशाचं.

पाचवा दिवस: टीटॉन ते फिशिंग ब्रिज, ९५ मैल

जॅक्सन लेकच्या कडेने उत्तरेला जाऊन यलोस्टोनच्या दक्षिण दारातून आत. हे १८७२ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय उद्यान. इथून पुढे मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नाही. नकाशे आणि नॅशनल पार्क सर्व्हिसचं ॲप जॅक्सनमध्येच उतरवून ठेवा.

वेस्ट थंबला थांबा. सरोवराच्या काठावर आणि पाण्याच्या आतही उकळते झरे आहेत, लाकडी पायवाटेची फेरी छोटी आणि सपाट आहे. लेकरांचे हात धरायचे, हे या उद्यानात प्रत्येक झऱ्यापाशी. वरचा कडक थर पापुद्र्याइतका पातळ असू शकतो आणि खाली उकळतं पाणी. या झऱ्यांत भाजून आजवर वीसहून अधिक माणसं दगावली आहेत.

फिशिंग ब्रिजचा आरव्ही पार्क (आरव्ही म्हणजे कॅम्परसारख्या राहत्या गाड्या) हा उद्यानातला पूर्ण जोडणीचा पार्क, म्हणून दोन रात्री इथे. वीज, पाणी, सांडपाणी सगळं जागेवर. तंबूला परवानगी नाही, पक्क्या भिंतींची गाडीच हवी, कारण हा ग्रिझली अस्वलांचा इलाखा आहे. शेकोटीही नाही. पुलाच्या नावावर जाऊ नका, १९७३ पासून त्याच्यावरून मासेमारी बंद आहे.

स्वयंपाकाबद्दल इथेच सांगणं योग्य. आपण २,३५० मीटरवर आहोत, पाणी साधारण ९२ अंशांना उकळतं. उघड्या पातेल्यात भात कच्चट राहतो आणि तूरडाळ तर शिजतच नाही. कुकरलाही नेहमीपेक्षा तिसरा हिस्सा जास्त वेळ द्या. डाळ दोन तास भिजवून घातली तर प्रोपेन वाचतो. शेगडी घरच्यापेक्षा मंद असते, पहिली शिट्टी उशिरा आली म्हणून झाकण उघडून बघायचं नाही.

फोडणी हा नाजूक विषय. मोहरी तडतडली, मिरची पडली की धुराचा अलार्म ओरडतो. आधी छताचं झाकण उघडून पंखा बाहेर फेकणाऱ्या दिशेने लावा, चिमणीचा पंखा चालू करा, खिडकी बोटभर उघडा, मग तेल तापवा. अलार्म काढून ठेवायचा नाही. जमिनीलगत दुसरा छोटा डबा दिसेल तो प्रोपेनचा. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने खाली साठतो, म्हणून तो खाली लावलेला असतो आणि त्याच्यापुढे चपला-पिशव्या रचायच्या नाहीत. बाहेरच्या टेबलावर शिजवलंत तर उरलंसुरलं, भांडी, तेलाची बाटली, दातांची पेस्टसुद्धा लगेच आत. अस्वलाला फोडणीचा वास आपल्याआधी लागतो, आणि माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल शेवटी मारावं लागतं.

सहावा दिवस: हेडन व्हॅली आणि कॅन्यन

सकाळी सहाला निघा, म्हणजे होज-प्लग आदल्या रात्रीच काढून ठेवा आणि टाकीतल्या पाण्यावर सकाळ भागवा. हेडन व्हॅलीत बायसनचे, म्हणजे अमेरिकेतल्या रानगव्यांचे, कळप रस्ता ओलांडतात. थांबायचं, हॉर्न नाही, गाडीतून उतरायचं नाही. बायसन आणि एल्कपासून २५ यार्ड, अस्वल आणि लांडग्यांपासून १०० यार्ड हा नियम आहे. बायसन ताशी ५५ किलोमीटर धावतो. जुलैअखेरपासून माजाचा काळ सुरू होतो, तेव्हा नर जास्त बेभरवशाचे.

कॅम्परचा फायदा इथे कळतो. बायसनमुळे तासभर अडकलात तर मागे चहा करता येतो, मुलांना बाथरूम आहे, आजीला आडवं होता येतं. इंजिन बंद करून ब्रेक लावा, मग उठा.

कॅन्यनला आर्टिस्ट पॉइंटवरून लोअर फॉल्स बघा, ९४ मीटरची सलग उडी. नऊच्या आत लांब गाड्यांना जागा मिळते. दुपारी परत फिशिंग ब्रिजला येऊन धुणं उरका, इथे लाँड्री आहे. रात्री टाक्या रिकाम्या, पाण्याची टाकी काठोकाठ, बॅटरी पूर्ण चार्ज. उद्यापासून दोन रात्री जोडणी नाही.

सातवा दिवस: फिशिंग ब्रिज ते मॅडिसन, ५४ मैल

क्रेग पासवर (८,२६२ फूट) आयसा लेक नावाचं कमळांचं छोटं तळं रस्त्याला लागूनच आहे. जलविभाजकावर बसलेलं हे तळं दोन्ही बाजूंना वाहतं, आणि तेही उलटं: पूर्वेकडून निघालेलं पाणी पॅसिफिकला, पश्चिमेकडून निघालेलं अटलांटिककडे. फळकाजवळ दोन-तीन गाड्यांचीच जागा आहे.

ओल्ड फेथफुल हा गीझर, म्हणजे ठरावीक वेळाने उकळतं पाणी उंच उडवणारा झरा. तिथलं पार्किंग मोठं आहे. उद्रेकाची पुढची वेळ व्हिजिटर सेंटरच्या फळ्यावर लिहितात, दहा मिनिटं इकडेतिकडे. मागचा उद्रेक अडीच मिनिटांपेक्षा कमी टिकला तर पुढचा साधारण तासाभरात, जास्त टिकला तर दीड तासाने, असं ते गणित. उद्रेक झाला की सगळी गर्दी एकदम गाड्यांकडे धावते. तेव्हा उलट दिशेला अपर बेसिनच्या पायवाटेवर निघा, रंगीत झरे तिथे आहेत.

ग्रँड प्रिझमॅटिक या मोठ्या रंगीत झऱ्यासाठी मिडवे बेसिनच्या पार्किंगमध्ये दहा ते पाच या वेळेत कॅम्पर घुसवू नका. संध्याकाळी सहानंतर जागा होते आणि वाफ कमी असल्याने रंगही नीट दिसतात. हे रंग उष्णतेत जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचे. मधल्या फार गरम पाण्यात ते टिकत नाहीत म्हणून तो भाग निळा, कडेला गार होत जातो तसा पिवळा, नारिंगी. जवळच्या बिस्किट बेसिन या झऱ्यांच्या भागात २३ जुलै २०२४ ला जमिनीखालच्या वाफेचा स्फोट झाला. ते २०२५ च्या हंगामातही बंद होतं, जाण्याआधी स्थिती बघा.

आता मॅडिसनची रात्र. इथे सहल बिघडते ती पहाटे चारला. जुलैतही तापमान दोन-चार अंशांवर उतरतं. हीटर प्रोपेनवर चालतो हे खरं, पण त्याचा पंखा बॅटरीवर, सात-आठ अँपिअर खातो. १०० अँपिअर-तासाची साधी बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरायची असते, म्हणजे हाती ५०. दहा तासांच्या रात्री हीटर निम्मा वेळ चालला तरी ४० गेले. संध्याकाळी दिवे, पाण्याचा पंप आणि मोबाइल चार्जिंग झालं असेल तर पहाटे पंखा मंदावतो, हीटर बंद पडतो आणि सगळे कुडकुडत उठतात.

उपाय सोपा आहे. जनरेटर इथे सकाळी ८ ते रात्री ८ एवढाच चालवता येतो. संध्याकाळी साडेसहा ते आठ तो लावा आणि त्याच वेळात मायक्रोवेव्ह, चार्जिंग उरका. हीटर १५-१६ अंशांवर ठेवा, आजीला दोन पांघरुणं द्या. जनरेटर गाडीच्याच टाकीतलं पेट्रोल पितो आणि टाकी पाव भागाखाली गेली की मुद्दाम बंद पडतो, रानात अडकू नये म्हणून त्याची नळी तेवढ्या उंचीवर ठेवलेली असते. ‘जनरेटर बिघडला’ अशी तक्रार येते तेव्हा बहुधा पेट्रोल कमी असतं. ओल्ड फेथफुलचा पंप त्यासाठीच गाठायचा.

पाणी: टाकी सुमारे १५० लिटरची. पाच जणांना दोन दिवसांना माणशी रोज १५ लिटर. आंघोळ म्हणजे अंग ओलं करून नळ बंद, साबण, मग धुणं. सात-आठ लिटरमध्ये होते. आज आणि उद्या सगळ्यांच्या आंघोळी होणार नाहीत, हे आधीच ठरवा. ताटं धुण्याआधी कागदाने पुसा. तेलकट आमटीचं पाणी टाकीत साचलं की दुसऱ्या दिवशी सिंकमधून वास येतो. सांडपाण्याची टाकीच आधी भरते, मैल्याची नाही.

आठवा दिवस: नॉरिस आणि मॅमथ, जाऊन-येऊन ७० मैल

निघताना कॅम्पग्राउंडच्या डम्प स्टेशनवर रिकामं करून पाणी भरून घ्या. नॉरिसला पार्किंग लहान आहे, साडेआठपर्यंत जा. स्टीमबोट हा इथलाच, आज सक्रिय असलेला जगातला सर्वांत उंच गीझर. ९० मीटरच्या वर उडतो, पण कधी ते सांगता येत नाही, त्याच्यासाठी थांबू नका. पोर्सेलिन बेसिनची फेरी पुरेशी आहे.

मॅमथला गरम झऱ्यांनी घडवलेल्या चुन्याच्या पायऱ्या. वरचा टेरेस ड्राइव्ह मोठ्या गाड्यांना बंद, खाली गाडी लावून चालत जायचं. गार्डिनरकडचं उत्तर दार २०२२ च्या पुरानंतर वळणाच्या नव्या रस्त्याने जोडलं आहे. काम नसेल तर तिकडे उतरायची गरज नाही. लमार व्हॅली इथून आणखी दीड तास. कॅम्पर घेऊन एका दिवसात ती जोडली की मुलं आणि ड्रायव्हर दोघंही थकतात. ती सोडलेली बरी.

नववा दिवस: मॅडिसन ते लाव्हा हॉट स्प्रिंग्ज, सव्वादोनशे मैल

सर्वांत लांब टप्पा. वेस्ट यलोस्टोनवरून यूएस-२०, वाटेत अपर मेसा फॉल्स. ३५ मीटरचा धबधबा अगदी कठड्यापासून बघता येतो. पुढे सपाट बटाट्याची शेतं आणि आय-१५. ब्लॅकफूटमध्ये बटाट्याचं संग्रहालय आहे, मुलांना अर्धा तास मोकळं सोडायला चांगलं. आठवडाभर उकळते झरे लांबून बघितल्यावर लाव्हा हॉट स्प्रिंग्जमध्ये अंग बुडवता येतं. पाणी ३९ ते ४४ अंश, गंधकाचा वास नाही. लहान मुलांना कमी तापमानाच्या कुंडात, तेही थोडाच वेळ.

दहावा दिवस: ब्रिघम सिटीजवळ मुक्काम

गाडी परत द्यायची वेळ बहुधा सकाळी अकराच्या आतली असते, त्यामुळे शेवटची रात्र तासाभराच्या अंतरावर हवी. वाटेत गोल्डन स्पाइक, ब्रिघम सिटीच्या पश्चिमेला ३२ मैल. १० मे १८६९ ला पूर्व आणि पश्चिमेकडून आलेले रेल्वेचे रूळ इथे जुळले. उन्हाळ्यात ‘ज्युपिटर’ आणि ‘११९’ या इंजिनांच्या हुबेहूब प्रतिकृती वाफेवर चालवून दाखवतात. पुढचा कच्चा रस्ता कॅम्परसाठी नाही.

संध्याकाळ आवरण्यात. फ्रिज रिकामा, उरलेला शिधा पिशव्यांत, ओट्यावरचे हळदीचे डाग लिंबू आणि सोड्याने. पांढऱ्या प्लास्टिकच्या ओट्यावर हळद रात्रभर राहिली तर निघत नाही आणि साफसफाईचे पैसे लागतात.

अकरावा दिवस: परत

दोन्ही टाक्या सकाळी कॅम्पग्राउंडवरच रिकाम्या करा, गाडीच्या डेपोत डम्पिंगचा आकार जबर असतो. पेट्रोल घेतलं होतं त्या पातळीला आणा आणि पावती ठेवा. प्रोपेन भरून द्यायचा असेल तर तो प्रत्येक पंपावर मिळत नाही, आदल्या दिवशीच जागा बघून ठेवा. मैल आणि जनरेटरच्या तासांच्या मीटरचे फोटो काढा, दोन्हींचे पैसे वेगळे लागतात. वरच्या पलंगाच्या फटीत, बाकाखालच्या पेटीत आणि बाहेरच्या सामानाच्या कप्प्यांत हात घालून बघा. चार्जर, चष्मे आणि मुलांचे मोजे तिथेच सापडतात. मग पहिल्या दिवशीच्या फोटोंशी ताडून, डेपोच्या माणसाला बरोबर घेऊन गाडीभोवती फेरी मारा आणि कागदावर त्याची सही घ्या.